ताप उतरतो, दुखणे उरते

पहाटे चारच्या सुमारास उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मोहल्ल्यांत एकेका स्वयंपाकघराचा दिवा लागतो. सहरीची वेळ. रात्रीचे सालन गरम करायचे, कणीक मळायची, चहाचे आधण ठेवायचे आणि अजानच्या आत सगळ्यांना खाऊन उठवायचे, अशी घाई असते. त्यांतल्या एखाद्या घरात बाई परातीसमोर बसते आणि पहिल्या मुठीलाच थांबते. बोटे मिटत नाहीत. मनगट जणू दुसऱ्या कुणाचे आहे. डब्याचे झाकण उघडायला मुलाला हाक मारावी लागते. दिवाळीच्या आसपास तिला चार दिवस ताप येऊन गेला होता. ताप कधीच उतरला, अंगावरचे पुरळही गेले. दुखणे मात्र रमजानपर्यंत सोबत आले.

घरातल्या कुणाला तिच्या दुखण्याचा राग नसतो. पण चार महिने झाल्यावर त्यावर पूर्ण विश्वासही कुणाचा नसतो. ‘आता ताप नाही ना, मग काय दुखते?’ हा प्रश्न नवरा विचारतो, सासू विचारते, कधी दवाखान्यातही विचारला जातो. हातपाय सुजलेले दिसत नाहीत, रक्ताचा रिपोर्ट बरा असतो, आणि दुपारपर्यंत तिची चालही बरी होते. सकाळी जिना धरून उतरणारी बाई दुपारी बाजारात दिसली, की लोक आपापला हिशेब मांडतात.

या दुखण्याला नाव आहे, आणि ते नाव दुखण्यावरूनच पडले आहे. चिकनगुनिया. नावातल्या ‘चिकन’चा कोंबडीशी काही संबंध नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. महाराष्ट्रात २००६ साली ते ठाऊक नव्हते, आणि त्याला तसेच कारण होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता, आणि त्याच महिन्यांत हा ताप गावोगाव पसरत होता. दोन्हींची गल्लत होणे अगदी साहजिक होते. खरे पाहता हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला. आजच्या टांझानियातल्या माकोंडे पठारावर १९५२-५३ मध्ये या तापाची साथ आली, तिथेच तो प्रथम वेगळा आजार म्हणून ओळखला गेला. सांधेदुखीने माणूस वाकतो, पिळवटल्यासारखा होतो, त्या अवस्थेला तिथल्या लोकांनी हे नाव दिले. डेंग्यूला आपल्याकडे हाडमोड्या ताप म्हणतात, त्याच जातीचे हे नामकरण. आजार आधी अंगाला कळतो, पुस्तकाला नंतर.

भारतात हा विषाणू १९६३ मध्ये कोलकात्यात आढळला. पुढच्या दोन वर्षांत मद्रास, पुदुच्चेरी, आंध्रची किनारपट्टी आणि आपले नागपूर इथे त्याच्या साथी झाल्या. महाराष्ट्रातल्या जुन्या डॉक्टरांना आठवते ती १९७३ ची बार्शीची साथ. सोलापूर जिल्ह्यातल्या या व्यापारी गावात दर तीन माणसांमागे एकाहून अधिक आजारी पडला. पुण्याच्या विषाणू संस्थेच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी त्या साथीचा अभ्यास केला. त्यानंतर तब्बल तीस-बत्तीस वर्षे या तापाचे नाव कुणी घेतले नाही. डॉक्टरांची एक अख्खी पिढी तो न पाहताच शिकून बाहेर पडली.

मग २००५ च्या अखेरीस तो परतला. आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्र एकाच वेळी वाकले. २००६ च्या मार्चमध्ये एकट्या मालेगावात दोन हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्या वर्षात देशभरातल्या संशयित रुग्णांचा आकडा तेरा लाखांवर गेला, आणि त्यांतले अडीच लाखांहून अधिक महाराष्ट्रातले होते. या वेळचा विषाणू बार्शीच्या वेळचा नव्हता. तेव्हाचा आशियाई वळणाचा होता, हा आफ्रिकी वळणाचा होता, असे पुण्याच्या तपासणीत दिसले. मालेगावसारख्या यंत्रमागांच्या गावात याचा अर्थ काय होता, हे शेजारच्या भिवंडीकरांना वेगळे सांगायला नको. मागावर तासन्‌तास उभे राहायचे तर घोटे हवेत, तुटलेला धागा जोडायचा तर बोटे हवीत. हा ताप नेमका त्यांनाच धरतो. त्यानंतर तो कधी पूर्ण गेला नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे, नागपूर आणि इतरत्र त्याने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा रुग्णांच्या नाकाच्या शेंड्यावर काळसर डाग दिसू लागले आणि लोक घाबरले. तो डाग या आजाराची एक ओळख आहे. काही आठवड्यांत तो फिका होतो.

आपल्या पट्ट्यात याला जागा मिळते ती पाण्यामुळे. उल्हास नदी अंगणातून वाहते, बदलापूरजवळ बारवीचे धरण आहे, बॅरेजवरून पाणी उचलले जाते, आणि तरीही वस्त्यावस्त्यांत निळी पिंपे भरून ठेवलेली असतात. कारण साधे आहे. नळ कधी येईल याचा भरवसा नाही. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींत उतरलेली सिंधी कुटुंबे, मग १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव, आणि त्यानंतर दाटत गेलेले पाच कॅम्प. अशा शहरात पाणी साठवणे ही सवय नव्हे, गरज असते. एडिस जातीचा डास घाण गटारात नव्हे, तर अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. पिंपाच्या कडेला चिकटलेली ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, आणि पाणी लागले की आठ-दहा दिवसांत डास उडतो. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. म्हणजे रात्रीची मच्छरदाणी लावून समाधान मानणाऱ्याला त्याने दिवसाच गाठलेले असते.

तापाची गोष्ट थोडक्यात अशी. डास चावल्यावर बहुधा तीन ते सात दिवसांत एकदम चढा ताप येतो आणि त्याच दिवशी सांधे धरतात. मनगटे, बोटांची पेरे, घोटे, गुडघे, तेही दोन्ही बाजूंचे. ताप आठवड्यात जातो. बहुतेकांचे दुखणे दोन-तीन आठवड्यांत ओसरते. पण काहींचे तीन महिन्यांपर्यंत रेंगाळते, आणि त्यांतल्या काहींचे वर्ष-दोन वर्षे येत-जात राहते. चाळिशी ओलांडलेले, आधीच संधिवात असलेले, सुरुवातीला फार जोराचे दुखणे झालेले, आणि स्त्रिया यांच्यात ते जास्त रेंगाळते, असे अनेक ठिकाणच्या अभ्यासांत दिसले आहे. विषाणू रक्तातून गेल्यावरही सांध्यांच्या आवरणात त्याचे अंश उरतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा तिथे लढत राहते, असे संशोधक मानतात. शत्रू गेला तरी छावणी उठत नाही, तसे.

या लढाईची खूण म्हणजे सकाळचा ताठरपणा. संधिवाताच्या इतर प्रकारांतही असतो तसाच. झोपून उठल्यावर अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त वेळ बोटे मिटत नाहीत, टाच टेकवत नाही. हालचाल सुरू झाली की तेल घातलेल्या बिजागरीसारखे सांधे मोकळे होतात. त्या बाईचे दुपारी चालणे हा खोटेपणा नव्हे. या आजाराचा स्वभावच तसा आहे. घरच्यांना एवढे एक वाक्य कुणी समजावून सांगितले, तरी अर्धे दुखणे हलके होईल.

स्नायूंचे दुखणे त्याहून वेगळे आणि त्याच्याच जोडीचे. डेंग्यू, फ्लू, कोविड अशा बहुतेक विषाणूजन्य तापांत अंग ठणकते. त्यात पंधरा दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या मांड्या-पिंढऱ्या भराभर सुकतात, वय झालेल्याच्या तर अधिकच. दुखतो म्हणून सांधा हलवायचा नाही, हलवला नाही म्हणून स्नायू सुकतो, स्नायू सुकला म्हणून सांध्यावर जास्त भार येतो, आणि मग तो जास्त दुखतो. हे चक्र औषधाने एकट्याने तुटत नाही.

कॅम्प पाचच्या बाजूला जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांत मशिनवर बसणारा कारागीर घ्या. त्यांतले बरेच उत्तर प्रदेशातून आलेले, बरेच रोजेदार. मजुरी नगावर. जाड कापड सुईखाली सरकवायला दोन्ही हातांची बोटे लागतात, पायटा दाबायला घोटा लागतो. रमजानचे शेवटचे दहा दिवस हे त्याच्या कमाईचे दिवस, कारण ईदच्या बाजारासाठी माल निघायचा असतो. अशा वेळी बोटे मिटत नसतील तर तो काय करतो? मेडिकलच्या दुकानातून वेदनाशामक गोळी घेतो. ती पुरली नाही की कुणीतरी सांगितलेली पुडी घेतो, किंवा ‘ताकदीचे’ इंजेक्शन टोचून घेतो. दुसऱ्या दिवशी तो उडी मारून कामावर जातो. अशा जादूमागे बहुधा स्टेरॉइड असते. काही रुग्णांना तज्ज्ञ डॉक्टर ते मोजून, ठरावीक दिवसांसाठी देतातही. पण न मोजता घेतलेले स्टेरॉइड साखर चढवते, हाडे पोखरते, आणि बंद केले की दुखणे दुप्पट होऊन परतते. आठ दिवसांची मजुरी वाचवायला वर्षाचे आरोग्य जाते. कारागिराला हा हिशेब कळत नाही असे नाही. त्याच्याकडे दुसरा हिशेब मांडायला पैसे नसतात.

सकाळी साडेपाच-सहाची बदलापूर लोकल पकडणाऱ्यांचेही तसेच. ताठरपणाची वेळ आणि गाडीची वेळ नेमकी एक. पादचारी पुलाच्या पायऱ्या, डब्यात चढायची घाई, वरची कडी धरून तासभर उभे राहणे. मनगटाने कडी धरता येत नाही म्हणून रोज अर्धा तास आधी उठून गरम पाण्यात हात बुडवून बसणारा माणूस कार्यालयात पोहोचतो, तेव्हा त्याचा दिवस निम्मा संपलेला असतो.

मग उपाय काय? पहिला उपाय म्हणजे नक्की काय झाले होते, ते जाणून घेणे. तापाच्या पहिल्या आठवड्यात विषाणूची थेट तपासणी होते आणि साधारण पाचव्या दिवसानंतर रक्तातल्या प्रतिपिंडांची. सरकारी केंद्रांना लागणारे त्याचे किट पुण्याच्या विषाणू संस्थेतच तयार होतात. उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय किंवा अंबरनाथचे छाया रुग्णालय यांसारख्या सरकारी ठिकाणी विचारणा करता येते. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अॅस्पिरिन, ब्रुफेनसारख्या गोळ्या घ्यायच्या नसतात, कारण डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. तोवर पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती. दुखणे तीन महिन्यांपुढे गेले आणि सूज राहिली, तर सांधेविकाराच्या तज्ज्ञाकडे जावे. अशा थोड्या रुग्णांना संधिवाताची औषधे लागतात. त्यांतले मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतते, म्हणून तो वार घरातल्या दोघांना ठाऊक असावा.

दुसरा उपाय अंगाला पुन्हा शिकवण्याचा. तो कंटाळवाणा आहे, आणि म्हणूनच सहसा होत नाही. कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू मिटायची, उघडायची. मनगट वर-खाली, गोल. आडवे पडून घोटे पुढे-मागे. खुर्चीवर बसून गुडघा सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. उभे राहता येऊ लागले की खुर्चीवरून हात न टेकता उठायचे-बसायचे, आधी चार वेळा, आठवड्याने सहा वेळा. मग सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालणे. सूज आणि उष्णता असलेल्या सांध्याला बळजबरी नको, चोळणे तर नकोच. तिथे थंड पट्टी बरी. किती करायचे, याला फिजिओथेरपिस्ट एक साधे माप देतात. व्यायामानंतर दुखणे दोन तासांनीही वाढलेलेच असेल, तर आज जास्त झाले. उद्या कमी करायचे, बंद नाही करायचे. कोविडनंतर ज्यांना थोड्या श्रमाने दुसऱ्या दिवशी अंग पडून जाते, त्यांनी याहूनही सावकाश जावे. रेटून बरे होणारे हे दुखणे नव्हे.

हे सगळे रमजानच्या महिन्यात कसे बसवायचे, हा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. नमाज न पाहिलेल्या वाचकांसाठी सांगायचे तर, नमाजच्या एका आवर्तनाला रकात म्हणतात. त्यात उभे राहणे, कमरेत वाकून हात गुडघ्यांवर टेकणे म्हणजे रुकू, आणि कपाळ जमिनीला लावणे म्हणजे सज्दा. प्रत्येक रकातीत दोन सज्दे. सज्द्यात गुडघे पूर्ण मिटतात, मनगटे मागे वळून त्यांवर भार येतो, पायांची बोटे वाकून जमिनीला टेकतात. चिकनगुनिया जे सांधे धरतो, ते सगळे एका सज्द्यात हजर असतात. रमजानमध्ये रात्रीच्या नमाजनंतर तरावीह ही जादा नमाज होते. अनेक मशिदींत ती वीस रकाती असते, म्हणजे एकट्या तरावीहचे चाळीस सज्दे.

वर्षानुवर्षे पहिल्या रांगेत उभा राहिलेला माणूस यंदा मागच्या कोपऱ्यात खुर्ची शोधतो, तेव्हा दुखते ते केवळ गुडघ्यात नसते. काही जण खुर्ची नको म्हणून मशिदीतच येत नाहीत. काही जण दात-ओठ खाऊन पूर्ण वीस रकाती करतात आणि दुसऱ्या दिवशी उठत नाहीत. दोन्ही गोष्टी धर्माने मागितलेल्या नाहीत. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे एक सहकारी इमरान बिन हुसैन यांना मूळव्याधीचा त्रास होता. नमाज कशी पढावी, असे त्यांनी विचारले. उभे राहून पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. हदीसच्या सर्वांत विश्वसनीय मानल्या जाणाऱ्या बुखारीच्या संग्रहात ही नोंद आहे. इशाऱ्याने रुकू, त्याहून थोडे अधिक झुकून सज्दा, एवढे पुरते. खुर्ची की जमिनीवरची बैठक, यावर उलमांमध्ये चर्चा आहे. ज्याला जमिनीवर बसून जमते त्याने विनाकारण खुर्ची घेऊ नये, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. आणि गंमत अशी की फिजिओथेरपिस्टचेही तेच म्हणणे असते. जेवढे जमते तेवढे सोडू नका, जे जमत नाही ते ओढू नका. आज दोन रकाती उभ्याने, बाकी बसून; पुढच्या आठवड्यात चार उभ्याने. मनगटावर भार नको असेल तर मूठ करून किंवा कोपराचा आधार घेऊन टेकता येईल का, गुडघ्याखाली जाड घडी ठेवता येईल का, हे आपल्या इमामसाहेबांना विचारायला संकोच कशाला?

रोजाचेही तसेच. कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात, जिथे रोजांचा आदेश आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी यांना सूट दिली आहे. सुटलेले रोजे त्यांनी इतर दिवसांत पूर्ण करावेत. त्या ठिकाणी कारणही सांगितले आहे, की ईश्वराला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको. नंतर भरून काढलेल्या रोजाला कजा म्हणतात. जो कधीच बरा होणार नाही, त्याच्यासाठी फिदिया, म्हणजे रोजामागे एका गरजूचे जेवण, अशी तरतूद आहे. चिकनगुनियाचे दुखणे बहुधा बरे होणारे असल्याने इथे कजाच लागू होते, असे जाणकार सांगतात. डिसेंबरच्या लहान दिवसांत हे रोजे पूर्ण करणारे कितीतरी लोक आहेत. पण कोण आजारी आणि कोण नाही, हे ठरवायचे कुणी? शास्त्रकार यासाठी स्वतःचा अनुभव आणि जाणकार वैद्याचा सल्ला पुरेसा मानतात. शेजारणीचा सल्ला त्यात बसत नाही.

ज्यांचे दुखणे सौम्य आहे आणि ज्यांना रोजा ठेवायचा आहे, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी महत्त्वाच्या. सध्याच्या दिवसांत रोजा साधारण तेरा तासांचा होतो. एवढा वेळ पाणी नाही आणि वर रिकाम्या पोटी वेदनाशामक, ही जोडी मूत्रपिंडांना आणि जठराला मारक ठरते. म्हणून गोळी इफ्तारनंतर, पोटभर जेवून, भरपूर पाण्यासह घ्यावी. दिवसातून तीन वेळा लागणारी गोळी असेल, तर रोजा सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून ती बदलता येईल का ते पाहावे. स्वतःच्या मनाने तीन गोळ्या सहरीला एकदम घेणारेही आहेत. हा मार्ग थेट दवाखान्यात जातो. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार सोबत असेल तर सूट घेणेच शहाणपणाचे. इफ्तारच्या ताटात भजी असतातच, ती काही सुटायची नाहीत. त्यांच्या शेजारी अंडे, डाळ, दही, मटणाचा तुकडा असावा, कारण सुकलेल्या स्नायूला प्रथिने लागतात. चालणे, व्यायाम इफ्तार आणि तरावीहच्या मधल्या वेळात. आणि सहरीच्या वेळी वजूचे पाणी कोमट. पाच मिनिटे हात त्यात ठेवले की बोटे उघडतात. वजू होते, व्यायामही होतो.

काही लक्षणांत मात्र रोजा, काम, गाडी सगळे बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. एकच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि पुन्हा ताप, पायांत वाढत जाणारा लुळेपणा किंवा बधिरता, एकाच पोटरीला सूज, छातीत दुखणे, धाप, काळे शौच, लघवी कमी होणे.

हा प्रश्न एका धर्माचा नाही, हे या गावांत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. महाशिवरात्रीच्या मागोमाग यंदा रमजान आला. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात गाभारा जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. उपाशीपोटी तासन्‌तास रांगेत उभे राहून त्या पायऱ्या उतरताना ज्यांचे गुडघे अडले असतील, त्यांना मशिदीतली मागची खुर्ची लगेच कळेल. उल्हासनगरचे सिंधी बांधव जुलै-ऑगस्टमध्ये चाळीस दिवसांचे चालिहा व्रत करतात, तेही ऐन डासांच्या हंगामात. मांडी घालून सत्यनारायणाला बसता न येणे, पंगतीत वाकून वाढता न येणे, ही लाज सगळीकडे सारखीच वाटते.

श्रद्धावंतांचे परस्पर प्रेम हे एका शरीरासारखे असते, एक अवयव दुखला तर सारे शरीर जागते आणि तापाने फणफणते, अशा आशयाची प्रेषितांची एक हदीस प्रसिद्ध आहे. प्रवचनांत ती नेहमी दूरदेशीच्या दुःखांसाठी सांगितली जाते. ती स्वयंपाकघरातही लागू करून पाहायला हरकत नाही. रमजानमध्ये घरातल्या स्त्रीचे काम कमी होत नाही, वाढते. ती सर्वांच्या आधी उठते, सर्वांच्या नंतर झोपते, रोजाही ठेवते, आणि हा आजार रेंगाळतो तोही तिच्याच अंगात अधिक. फिजिओथेरपिस्टने सांगितलेला व्यायाम तिला करता येत नाही, कारण तेवढ्या वेळात ती पंधरा माणसांची पोळी लाटत असते. दिवसभर हात चालूच असतात, मग वेगळा व्यायाम कशाला, असेही तिला ऐकवले जाते. दुखऱ्या मनगटाने कणीक मळणे हा व्यायाम नव्हे. तो दुखऱ्या मनगटावरचा भार आहे. एक महिना कणीक मुलाने मळली, तांदूळ नवऱ्याने उतरवला, पाण्याची कळशी कुणी दुसऱ्याने उचलली, तर रोजाचे पुण्य कमी होईल असे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. प्रेषित (स.) घरातल्या कामांत हातभार लावत, हे तर हदीसमध्ये नोंदलेले आहे.

ईदच्या आधी घरे धुतली जातात. भिंती, पंखे, पडदे, सगळे निघते. त्या दिवशी पाण्याचे पिंपही रिकामे करून आतून काथ्याने घासायचे, कडेची चिकट रेघ निघेपर्यंत, आणि उन्हात पालथे घालायचे. पुढे पावसाळाभर आठवड्यातून एकदा तेच. आरोग्य खाते त्याला कोरडा दिवस म्हणते. ज्याला एकदा हा ताप झाला त्याला तो सहसा पुन्हा होत नाही, त्यामुळे त्या बाईला आता पिंपातल्या डासाची तशी भीती नाही. घासायचे ते घरातल्या बाकीच्यांसाठी. आणि तिचे हात अजून मिटत नसल्यामुळे, घासायचेही बाकीच्यांनीच.